छावणीकडून गावाकडे : फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि भारतातील सार्वजनिक आरोग्य धोरण (१८५९–१८९७)

बीजसंज्ञा : परिचर्या, सार्वजनिक आरोग्य, शाही आयोग, छावणी, ग्रामस्वच्छता, प्लेग.

प्रस्तावना :

दरवर्षी १२ मे रोजी परिचर्या महाविद्यालयांतून दीप प्रज्वलित करून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जयंती साजरी केली जाते. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी शुश्रूषाकर्ती ही त्यांची प्रतिमा शालेय पाठ्यपुस्तकांपासून सर्वत्र रूढ झाली आहे. ही प्रतिमा खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. क्रिमियाच्या युद्धातील त्यांची प्रत्यक्ष रुग्णसेवा सुमारे २ वर्षांची होती. त्यानंतरचे जवळजवळ ४० वर्षांचे आयुष्य त्यांनी अहवाल, तक्ते, प्रश्नावली आणि पत्रव्यवहार यांत व्यतीत केले आणि या कार्याचा फार मोठा भाग भारताशी निगडित होता. ज्या देशात त्यांनी कधीही पाऊल ठेवले नाही, त्या देशाच्या आरोग्य धोरणावर त्यांनी प्रभाव टाकला, ही इतिहासातील एक लक्षणीय घटना होय.

परिचारिका ही धोरण राबविणारी व्यक्ती आहे, धोरण ठरविणारी नव्हे, अशी समजूत आजही प्रशासनात आणि समाजात दृढ आहे. या समजुतीचे मूळ शोधताना नाइटिंगेल यांच्या कार्याकडे नव्याने पाहणे आवश्यक ठरते. झर्ना गोरले यांचा २००३ मधील अभ्यासग्रंथ आणि लिन मॅकडोनाल्ड यांनी संपादित केलेले नाइटिंगेल यांचे समग्र लेखन यांमुळे त्यांच्या भारतविषयक कार्याची व्याप्ती अभ्यासकांसमोर आली आहे. तथापि मराठीत या पैलूची चर्चा अल्प प्रमाणात झाली आहे. सदर शोधनिबंधात १८५९ ते १८९७ या कालखंडातील नाइटिंगेल यांच्या धोरणविषयक भूमिकेचा मागोवा घेतला असून, त्यांचा विचार सैनिकांच्या छावणीकडून सामान्य रयतेच्या गावाकडे कसा सरकला, त्याचा मुंबई इलाख्याशी कोणता संबंध आला आणि शासनाने त्यातील काय स्वीकारले व काय नाकारले, याचे विवेचन केले आहे.

१. शुश्रूषेकडून आकडेवारीकडे :

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह नाइटिंगेल स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे त्यांना आढळले, की सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षा ताप, अतिसार आणि पटकी यांनी अधिक मरत आहेत. तुंबलेली गटारे, दूषित पाणी, कोंदट खोल्या आणि खाटांची गर्दी ही त्यामागील कारणे होती. ऑगस्ट १८५६ मध्ये इंग्लंडला परतल्यावर त्यांनी या अनुभवाचे रूपांतर भावनिक आवाहनात न करता आकडेवारीत केले. महानिबंधक कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी मृत्यूंचे कारणनिहाय वर्गीकरण केले आणि टाळता येण्याजोगे मृत्यू किती होते हे दाखविणाऱ्या वर्तुळाकार आकृत्या तयार केल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परिचारिका रुग्णाच्या सर्वांत निकट असते. कोण, केव्हा, कोणत्या स्थितीत दाखल झाला, त्याला काय खायला मिळाले, कोणत्या हवेत तो झोपला, याची जाण तिला असते. ही जाण एका खाटेपुरती राहिली, तर ती सेवा ठरते. तिची नोंद झाली आणि हजारो नोंदी एकत्र आल्या, तर ती पुरावा बनते. नाइटिंगेल यांच्या धोरणविषयक सामर्थ्याचे मर्म या परिवर्तनात आहे. त्यांच्याजवळ शासकीय पद नव्हते, मताधिकार नव्हता आणि १८५७ नंतर प्रकृती अशी ढासळली, की दीर्घकाळ त्या अंथरुणाला खिळून होत्या. या सर्व उणिवांवर त्यांनी कागदपत्रांच्या बळावर मात केली.

२. शाही आयोग आणि भारतातील छावण्या :

१८५७ च्या उठावानंतर भारतातील सत्ता १८५८ मध्ये कंपनीकडून राणीच्या सरकारकडे गेली. युरोपीय सैन्याची संख्या वाढविण्यात आली आणि त्या सैन्याचे आरोग्य हा साम्राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न बनला. या संधीचा उपयोग करून नाइटिंगेल यांनी भारतमंत्री लॉर्ड स्टॅन्ली यांच्यामागे सातत्याने पाठपुरावा केला आणि १८५९ मध्ये भारतातील सैन्याच्या आरोग्यस्थितीची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमण्यात आला. सिडनी हर्बर्ट हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. १८६१ मध्ये त्यांच्या निधनानंतर स्टॅन्ली यांनी ते पद सांभाळले. तत्कालीन प्रथेनुसार स्त्रीला आयोगाचे सदस्यत्व मिळणे शक्य नव्हते. परंतु आयोगाची दिशा ठरविणे, साक्षीदार सुचविणे, कागदपत्रांची छाननी करणे आणि अहवालाचा मसुदा सिद्ध करणे या कामांत फार आणि डॉ. जॉन सदरलंड यांच्यासमवेत नाइटिंगेल यांचा वाटा मोठा होता.

लंडनमधील कार्यालयांत भारतातील छावण्यांविषयी विश्वसनीय माहिती उपलब्ध नाही, हे लक्षात येताच त्यांनी सविस्तर प्रश्नावली तयार करवून ती सर्व लष्करी ठाण्यांना पाठविली. पाणी कोठून येते, ते कसे वाहून आणले जाते, सांडपाण्याचा निचरा कसा होतो, एका बराकीत किती माणसे झोपतात, दारू किती दिली जाते, रुग्णांची शुश्रूषा कोण करतो, असे अगदी साधे वाटणारे प्रश्न त्यात होते. सुमारे २०० ठाण्यांतून उत्तरे आली. या उत्तरांवर आधारित नाइटिंगेल यांची निरीक्षणे १८६२ मध्ये लिहिली गेली आणि १८६३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २००० पृष्ठांच्या अहवालात त्यांचा समावेश झाला.

अहवालातील मध्यवर्ती आकडा धक्कादायक होता. १८१७ पासूनच्या दीर्घ कालखंडाची सरासरी पाहता, भारतातील ब्रिटिश सैनिकांचे वार्षिक मृत्युप्रमाण दर हजारी ६९ होते. त्यातील रणांगणावरील मृत्यूंचा वाटा अल्प होता. ताप, हगवण, यकृताचे विकार व पटकी ही मृत्यूची प्रमुख कारणे होती. याचे खापर उष्ण हवामानावर फोडण्याची तोवरची प्रथा होती. नाइटिंगेल यांनी हा युक्तिवाद अमान्य केला. हवामान बदलता येत नाही, परंतु विहिरीशेजारचा उकिरडा हलविता येतो, बराकीतील गर्दी कमी करता येते, रिकामटेकड्या सैनिकाला दारूच्या गुत्त्याऐवजी वाचनालय व कार्यशाळा देता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मृत्यू हा दैवाचा भाग नसून प्रशासनाच्या निर्णयाचा, किंवा निर्णय न घेण्याचा, परिणाम असतो, हा विचार येथे स्पष्टपणे मांडला गेला.

या निरीक्षणांत आणखी एक महत्त्वाचे सूत्र होते. छावणी आणि तिच्या लगतचा बाजार, वस्ती व गाव यांचे आरोग्य परस्परांपासून वेगळे करता येणार नाही, असे नाइटिंगेल यांनी प्रारंभापासूनच बजावले होते. एकाच विहिरीचे पाणी आणि एकाच नाल्याची दुर्गंधी दोन्ही समूहांना व्यापते. म्हणून सैनिकाला वाचवायचे असेल, तर रयतेच्या आरोग्याचीही काळजी घेतली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या पुढील ३० वर्षांच्या विचारविकासाचे बीज या सूत्रात आढळते.

अहवाल प्रसिद्ध होतानाच त्याच्या प्रसाराला मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला. संसद सदस्यांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीतून नाइटिंगेल यांची निरीक्षणे व ठाण्यांची मूळ उत्तरे वगळण्यात आली. यावर त्यांनी आपल्या निरीक्षणांच्या स्वतंत्र प्रती काढून त्या प्रभावशाली व्यक्तींपर्यंत पोहोचविल्या. ऑक्टोबर १८६३ मध्ये एडिंबरो येथील समाजशास्त्र परिषदेत भारतातील आरोग्यावरील त्यांचा निबंध वाचला गेला. अहवाल सादर होणे म्हणजे धोरण स्वीकारले जाणे नव्हे, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

३. अंमलबजावणी : यश आणि त्याची कक्षा :

डिसेंबर १८६३ मध्ये नवनियुक्त व्हाइसरॉय सर जॉन लॉरेन्स यांनी भारतात येण्यापूर्वी नाइटिंगेल यांची भेट घेतली. १८६४ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीनही इलाख्यांत स्वच्छता आयोग स्थापन झाले. त्याच वर्षी छावण्यांच्या प्रशासनाचा कायदा करण्यात आला आणि आवश्यक स्वच्छताविषयक कामांची सूचनावली लंडनहून पाठविण्यात आली. हिंदुस्थान सरकारच्या काही अधिकाऱ्यांनी अहवालातील आकडे जुने व अतिशयोक्त असल्याची तक्रार केली. खर्चाचे कारण पुढे करून अनेक कामे लांबणीवर टाकण्यात आली आणि अल्पावधीतच आयोगांचे रूपांतर एकेका स्वच्छता आयुक्ताच्या पदात झाले. १८६७ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सहकार्याने नाइटिंगेल यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये स्वच्छताविषयक स्वतंत्र व्यवस्था निर्माण करण्याचा आग्रह धरला. भारतातील प्रगतीचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करण्याची पद्धत त्यातून सुरू झाली. कोणतेही धोरण वार्षिक हिशोबाविना शिथिल होते, हे त्यांचे प्रशासकीय तत्त्व होते.

१८७३ मध्ये नॉर्विच येथील परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात नाइटिंगेल यांनी गेल्या दशकाचा आढावा घेतला. सैनिकांचे मृत्युप्रमाण दर हजारी ६९ वरून १८ वर आले होते. या घटीचे संपूर्ण श्रेय एका व्यक्तीला अथवा केवळ स्वच्छतेला देता येणार नाही. सैनिकांचा सेवाकाळ कमी होणे, थंड हवेच्या ठिकाणी तुकड्या हलविणे आणि तुलनेने शांततेचा काळ यांचाही त्यात वाटा होता. तरीही पाणी, निचरा आणि बराकींची रचना यांत झालेल्या सुधारणा निर्णायक होत्या, हे अमान्य करता येत नाही.

परंतु याच यशात धोरणाची मर्यादा दडलेली होती. राधिका रामसुब्बन, डेव्हिड अर्नोल्ड आणि मार्क हॅरिसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी वसाहतकालीन आरोग्य व्यवस्था प्रामुख्याने सैन्य व युरोपीय वस्ती यांच्याभोवती कशी केंद्रित होती, याची चिकित्सा केली आहे. छावणीत नळ व गटारे आली, परंतु छावणीच्या सीमेबाहेरील वस्तीत जुनीच स्थिती राहिली. छावणी आणि गाव यांना एकत्र पाहण्याची सूचना बाजूस पडून, गावापासून छावणीला अलग ठेवण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे शासनाने नाइटिंगेल यांच्या विचाराचा सोयीस्कर अर्धा भाग स्वीकारला. पुणे, अहमदनगर, देवळाली या छावण्यांची रुंद, वृक्षाच्छादित रस्त्यांची आखणी आणि लगतच्या जुन्या पेठांची दाटी यांतील अंतर या दुभंगाची आजही साक्ष देते.

रुग्णालयीन परिचर्येबाबतही हाच अनुभव आला. १८६५ मध्ये नाइटिंगेल यांनी भारतातील रुग्णालयांसाठी परिचर्या पद्धतीची योजना सादर केली. खर्चाच्या कारणास्तव ती त्यावेळी स्वीकारली गेली नाही. पुढे १८८८ मध्ये लष्करी रुग्णालयांसाठी प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी कॅथरीन ग्रेस लॉक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत उतरली. सूचना आणि स्वीकार यांत २३ वर्षांचे अंतर पडले.

४. दुष्काळ आणि दृष्टीतील पालट :

१८६६ चा ओरिसातील दुष्काळ आणि १८७६–७८ या काळात दख्खन व मद्रास इलाख्यांत पडलेला भीषण दुष्काळ यांनी नाइटिंगेल यांच्या विचाराला नवी दिशा दिली. उपाशी माणसाला स्वच्छतेचा उपदेश करून उपयोग नाही, हे त्यांना उमगले. आरोग्याचा प्रश्न पाटबंधारे, सारा, कर्ज आणि जमिनीची मालकी यांच्याशी जोडलेला आहे, असे त्या मांडू लागल्या. अभियंते सर आर्थर कॉटन यांच्या पाटबंधारेविषयक मतांचा त्यांनी पुरस्कार केला. ऑगस्ट १८७८ मध्ये ‘नाइन्टीन्थ सेंच्युरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या भारतीय लोकांवरील त्यांच्या लेखात दुष्काळ, सावकारी आणि रयतेचे दारिद्र्य यांची चर्चा असून, दख्खनमधील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या स्थितीकडे त्यांनी ब्रिटिश वाचकांचे लक्ष वेधले. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावाची पार्श्वभूमी या चर्चेला होती. हा लेख इंडिया ऑफिसमधील अनेकांना रुचला नाही.

रुग्णालयातील परिचारिकेने शेतसाऱ्यावर व व्याजदरावर लिहावे, याचे तत्कालीन अधिकारीवर्गाला आश्चर्य वाटणे स्वाभाविक होते. परंतु परिचर्येच्या तर्कशास्त्रातच हा प्रवास अनुस्यूत होता. ताप का आला, याचे उत्तर पाण्यात सापडते. पाणी दूषित का, याचे उत्तर गावाच्या व्यवस्थेत सापडते आणि गावाची व्यवस्था का मोडली, याचे उत्तर सारा व कर्ज यांत सापडते. रोगाच्या सामाजिक कारणांचा हा शोध आजच्या सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा पाया मानला जातो.

या टप्प्यावर त्यांचे सहकारीही बदलले. लॉर्ड रिपन यांच्या सुधारणांना, विशेषतः मे १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाला, त्यांनी पाठिंबा दिला. मुंबई इलाख्यात न्यायाधीश म्हणून काम केलेले आणि शेतकी पेढ्यांची कल्पना मांडणारे सर विल्यम वेडरबर्न हे त्यांचे निकटचे सहकारी बनले. दादाभाई नौरोजी आणि बेहरामजी मलबारी यांच्याशी त्यांचा संपर्क होता. मलबारी यांच्या १८९२ मधील चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. पुणे सार्वजनिक सभेसारख्या संस्थांशी झालेल्या पत्रव्यवहारातून त्यांना भारतीय मत थेट कळू लागले. १८६० च्या दशकात त्या व्हाइसरॉयमार्फत भारत सुधारू पाहत होत्या. १८८० च्या दशकात मात्र सुशिक्षित भारतीयांच्या सहभागाविना सुधारणा टिकणार नाही, या निष्कर्षाला त्या पोहोचल्या.

५. ग्रामस्वच्छतेचा प्रश्न आणि मुंबई इलाखा :

ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नात मुंबई इलाखा विशेष महत्त्वाचा ठरतो. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत १८८९ चा मुंबई ग्रामस्वच्छता कायदा संमत झाला. गावपातळीवर स्वच्छता समित्यांची तरतूद त्यात होती. विधेयकाच्या अवस्थेपासूनच नाइटिंगेल त्याकडे लक्ष ठेवून होत्या. कायदा झाला तरी समित्यांजवळ पैसा नसेल तर तो कागदावरच राहील, ही त्यांची मुख्य चिंता होती. १८९१ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भारतीय प्रतिनिधींना स्थान मिळावे यासाठी त्यांनी प्रयत्न केले. १८९२ मध्ये भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांना पाठविलेल्या निवेदनात गावाकडून वसूल होणाऱ्या स्थानिक उपकराचा विनियोग प्रथम त्या गावाच्या प्राथमिक स्वच्छतेसाठी व्हावा, अशी मागणी करण्यात आली. गावाचा पैसा गावाच्या पाण्यासाठी, एवढीच ती मागणी होती. निवेदन भारतात पाठविण्यात आले. परंतु रस्ते व इतर कामांचे अग्रक्रम बदलण्यास शासन राजी झाले नाही.

१८९४ मध्ये बुडापेस्ट येथील परिषदेसाठी भारतातील ग्रामस्वच्छतेवर लिहिलेल्या निबंधात आणि १८९६ मध्ये ‘इंडिया’ या नियतकालिकातील लेखात नाइटिंगेल यांनी ग्रामीण भारतासाठी ‘आरोग्यप्रचारकां’ची कल्पना मांडली. इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात १८९२ पासून प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन मातांना आरोग्याचे ज्ञान देण्याचा प्रयोग त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला होता. त्या अनुभवाचा आधार येथे होता. गावाच्या चालीरीती जाणणाऱ्या व गावाची भाषा बोलणाऱ्या व्यक्तींनी गावकऱ्यांशी, विशेषतः स्त्रियांशी, संवाद साधावा. मॅजिक लँटर्नच्या चित्रांतून दूषित पाण्याचे स्वरूप दाखवावे. हुकूम न सोडता पटवून द्यावे, हा या कल्पनेचा गाभा होता. स्वच्छता वरून लादता येत नाही, ती लोकांच्या इच्छेतून रुजावी लागते, हे सूत्र त्यात होते.

६. प्लेग : पटवणे की दडपणे? :

आरोग्यप्रचारकांची कल्पना मांडली गेली त्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण आढळला. गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. शासनाची प्रतिक्रिया मात्र आरोग्यप्रचारकांच्या कल्पनेच्या नेमकी विरुद्ध होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये सक्तीच्या विलगीकरणामुळे क्षुब्ध झालेल्या गिरणी कामगारांनी ऑर्थर रोड रुग्णालयावर चाल केली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरझडतीसाठी सैनिकांचा वापर केला. देवघर, स्वयंपाकघर आणि माजघर यांची मर्यादा न राखता झालेल्या तपासण्यांनी जनमानस दुखावले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्या पाठोपाठ लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. पुढील काळात शासनाला सक्तीचे अनेक उपाय सैल करावे लागले.

सैनिकांच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये आरंभलेली चौकशी आणि १८९७ मध्ये आरोग्याच्या नावाने घरात शिरलेले सैनिक यांतील विसंगती अंतर्मुख करणारी आहे. इंग्लंडहून प्लेगच्या रुग्णालयांसाठी परिचारिका बोलावण्यात आल्या. परंतु त्यांना हवे होते ते रुग्णालयातील हात, धोरणातील मत नव्हे. याच साथीत पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शासनयंत्रणा लोकांच्या घरात भीती घेऊन शिरत असताना, लोकांच्या विश्वासातील एक वृद्ध स्त्री रुग्णाला उपचारासाठी आणत होती. विश्वास हे सार्वजनिक आरोग्याचे सर्वांत प्रभावी साधन आहे, याचे याहून हृदयस्पर्शी उदाहरण त्या वर्षात सापडणार नाही.

७. मूल्यमापन :

नाइटिंगेल यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. रोगाचे मूळ घाण व दूषित हवेत आहे, या जुन्या मताला त्या दीर्घकाळ चिकटून राहिल्या. १८८४ च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूवर केलेल्या संशोधनाकडे त्यांनी प्रारंभी संशयाने पाहिले. जंतूचा सिद्धान्त स्वीकारला की शासन केवळ विलगीकरण करील आणि गटारांकडे दुर्लक्ष करील, अशी त्यांची भीती होती. शास्त्रीयदृष्ट्या त्यांचे मत चुकीचे होते. परंतु प्रशासनाविषयीची त्यांची भीती सर्वस्वी निराधार नव्हती, हे १८९७ ने दाखवून दिले. दुसरी मर्यादा राजकीय स्वरूपाची आहे. साम्राज्याच्या नैतिक जबाबदारीवर त्यांचा विश्वास होता. साम्राज्याच्या अस्तित्वालाच त्यांनी आव्हान दिले नाही. भारताचे प्रत्यक्ष दर्शन नसल्यामुळे जातिव्यवस्थेमुळे पाण्यावर आलेली बंधने आणि स्वच्छतेचे काम विशिष्ट जातींवर लादले जाण्याचे वास्तव यांचे आकलन त्यांच्या लेखनात अपुरे राहिले. पाणवठा शुद्ध असण्याइतकाच तो सर्वांसाठी खुला असणे महत्त्वाचे आहे, हे भारतीय सार्वजनिक जीवनात ठणकावून सांगण्याचे कार्य १९२७ च्या महाड सत्याग्रहाने केले.

तथापि त्यांच्या कार्यातून परिचर्या आणि धोरण यांच्या संबंधाचे तीन घटक स्पष्ट होतात. पहिला, रुग्णाच्या निकट राहून मिळालेल्या ज्ञानाची पद्धतशीर नोंद. दुसरा, त्या नोंदीच्या आधारे सत्ताधाऱ्यांना उत्तरदायी ठरविण्याची चिकाटी. तिसरा, जनतेला धोरणाचा विषय न मानता सहभागी मानण्याची तयारी. शासनाने पहिला घटक वापरला, दुसरा सहन केला आणि तिसरा नाकारला.

परिचर्या व्यवसायाच्या स्मृतीतही अशीच निवड झाली. दिवा जपला गेला, तक्ते विस्मृतीत गेले. सेवाभाव, त्याग आणि सोशिकता या गुणांचा गौरव करताना परिचारिकेच्या ज्ञानाला व मताला दुय्यम स्थान मिळाले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश भारतात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे १ परिचारिका होती आणि परिचारिकांची एकूण संख्या सुमारे ७,००० होती. त्याच वेळी डॉक्टरांची संख्या सुमारे ४७,५०० होती. डॉक्टरांपेक्षा परिचारिका संख्येने इतक्या कमी असणे हे धोरणातील अग्रक्रमाचे निदर्शक होते. भारतीय परिचारिकांनी मात्र स्वस्थ न बसता १९०८ पासून प्रशिक्षित परिचारिका संघाच्या रूपाने संघटन उभारले. प्रांतिक नोंदणी कायदे, १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा आणि २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिचर्या आयोग कायदा हे या वाटचालीतील टप्पे होत. व्यवसायाच्या नियमनाचे अधिकार मिळणे आणि आरोग्याच्या एकूण धोरणात मत विचारले जाणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष :

१. नाइटिंगेल यांचे भारतविषयक कार्य हे परिचारिकेने आरोग्य धोरणावर प्रभाव टाकल्याचे आधुनिक इतिहासातील एक ठळक उदाहरण आहे आणि त्या प्रभावाचा आधार करुणेइतकाच, किंबहुना अधिक, पुराव्यावर होता.

२. सैनिकांच्या छावणीपासून सुरू झालेला त्यांचा विचार दुष्काळाच्या अनुभवातून रयतेच्या दारिद्र्यापर्यंत आणि अखेरीस लोकसहभागापर्यंत पोहोचला. वसाहतवादी शासनाने त्यातील छावणी स्वीकारली आणि गाव वगळले.

३. १८९६–९७ च्या प्लेगमधील सक्ती हे या वगळण्याचे फलित होते. ज्या साथरोग कायद्याचा जन्म त्या काळात झाला, त्याचाच आधार २०२० च्या कोविड साथीतही घेण्यात आला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घ्यावी अशी आहे.

४. गावाची भाषा बोलणाऱ्या आरोग्यप्रचारकांची कल्पना आणि २००५ मधील राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ कार्यकर्ती यांत थेट वारसा नसला, तरी विचाराचे साम्य निश्चित आहे. त्याच साथीच्या काळात घरोघरी जाऊन नोंदी घेणाऱ्या आशा, परिचारिका व अंगणवाडी सेविका यांच्या वह्यांत जे ज्ञान साठले आहे, ते केवळ वरिष्ठ कार्यालयाला सादर करावयाची माहिती म्हणून राहते, की धोरणाचा आधार बनते, हा खरा प्रश्न आहे. दिव्याबरोबरच नोंदवहीचाही सन्मान झाला, तरच नाइटिंगेल यांच्या स्मृतीचा अर्थ पूर्ण होईल.